बोलता दोर

"कंच्या गावचं तुमी?"

मुक्ताबाईंनी डाव्या हाताने नाथाजीचं मनगट धरलं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्यावर तुपात कालवलेली हळद होती, आणि तो अंगठा त्याच्या सोललेल्या तळव्यापासून बोटभर अंतरावर थांबला होता. अंगणापलीकडच्या गुऱ्हाळात रस उकळत होता. त्याचा गोड, जड वास दुपारच्या उन्हात साचून राहिला होता. प्रश्न काही अवघड नव्हता. या मुलखात वाटसरूला पाणी विचारावं तितक्या सहज तो विचारला जातो.

"म्हटलं, कंच्या गावचं तुमी?" मुक्ताबाईंनी पुन्हा विचारलं. "आन् आडनाव काय?"

नाथाजीने श्वास घेतला. सोपानच्या ओळखीचा होता तो श्वास. कॉलेजात, वसतिगृहात, खानावळीत, जिथे म्हणून कुणी नाव विचारे तिथे नाथाजी आधी असा छातीभर श्वास घ्यायचा आणि मग स्वतःचं, बापाचं आणि आडनाव असं तिन्ही एका दमात, खणखणीत सांगायचा. ते नाव त्याच्या ओठांशी आलेलं सोपानला दिसलं. मामीचा अंगठाही दिसला, तसाच अधांतरी.

"कुपवाडचा हाय, मामी," तो घाईने म्हणाला. "शिंदे. सांगलीत माझ्याबरोबर शिकतो."

"आगं बया, शिंद्याचं व्हय!" मुक्ताबाईंचा चेहरा मोकळा झाला. अंगठा खाली उतरला आणि जखमेवरून हलक्या हाताने फिरू लागला. "आन् मी मघाधरनं परक्यावाणी विचारत बसलीया. झोंबतंय का, लेकरा? झोंबू द्या. हळद झोंबल्याबिगर लागू व्हत न्हाई."

नाथाजीने हात मागे घेतला नाही. तो कण्हलाही नाही. त्याने फक्त मान वळवून सोपानकडे पाहिलं, आणि घेतलेला श्वास कितीतरी वेळाने, आवाज न करता, सोडून दिला.

कोयनेचा भूकंप होऊन आठवडा उलटला होता. सांगलीहून स्वयंसेवकांची पहिली तुकडी निघाली त्या ट्रकमध्ये हे दोघे शेजारी बसले होते; वसतिगृहात खोली एक, तशी कामातही जोडी एक झाली. सोपान सडपातळ, खांद्यांत अरुंद. ढिगाऱ्याच्या फटीतून आत शिरायचा तो. नाथाजी छातीने रुंद, पाय रोवून उभा राहिला की हलता हलत नसे. दोर धरायचा तो. दोर म्हणजे इथल्याच, सोपानच्या मामांच्या विहिरीवरचा मोटेचा जुना नाडा. विहिरीवर इंजिन बसल्यापासून तो गोठ्यात लटकून होता. जाताना ट्रक उंब्रजला थांबला तेव्हा मामांनी तो स्वतः उचलून आत टाकला होता.

पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरातली दगडमातीची घरं बसली होती, थकलेल्या गुरांनी पाय पोटाखाली घेऊन बसावं तशी. त्यांच्या पोटात शिरायचं म्हणजे कोपरांवर सरपटायचं, तोंडात माती, डोळ्यांत काळोख. पहिल्याच घरात सोपान दोन तुळयांच्या मध्ये अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना, छातीत श्वासाची गाठ बसली. तेव्हा बाहेरून नाथाजी बोलू लागला. काय बोलावं ते सुचेना म्हणून एस.टी.च्या कंडक्टरसारखा ओरडू लागला. "चला, सांगली सुटली! आष्टा! आष्ट्याचं कोण हाय? उतरा पटापटा. आवं आजी, गाठुडं मांडीवर घ्या की, वाट अडवू नगासा. इस्लामपूर! पेठनाका! कराडवालं पुढं सरका!" त्या आवाजाला धरून सोपान वीत वीत मागे सरकत बाहेर आला. कराड यायच्या आत आला.

तेव्हापासून ती रीतच पडली. कमरेला दोर असायचा, पण आत गेलेल्या माणसाला जगाशी बांधून ठेवायचा तो आवाज. एकदा नाथाजीला खोकल्याची उबळ आली आणि आवाज तुटला, तर तेवढ्यात सोपानला वाटलं की वरचं सगळं जग कुणीतरी पुसून टाकलं. त्याचे हातपाय जागच्या जागी गोठले. दुसऱ्या कुणी दोर धरला तर तो आत जातच नसे. तिथल्या वाडीतली माणसं नाथाजीला 'बोलता दोर' म्हणू लागली होती.

शेवटचं घर रंगूबाईचं. तिची सून आत राहिली होती. म्हातारी रडत नव्हती, हाका मारत नव्हती. ढिगाऱ्यासमोर घोंगडी पांघरून बसून होती, जळण सारखं करून. सुनेला अग्नी मिळावा एवढंच तिचं म्हणणं होतं. सोपान निम्म्यात पोचला असताना जमीन पुन्हा हलली. त्याच्या पोटाखालची माती सरकली, तो खाली घसरला, आणि नाडा नाथाजीच्या तळहातांतून चामडी घेऊन धावला. नाथाजीने दोर सोडला नाही. आवाजही सोडला नाही. सोपान वर येईपर्यंत "कराड... कराडचं कोण..." एवढंच तो म्हणत राहिला होता, दात आवळून.

शिबिराचे प्रमुख लालासाहेब यांनी ते हात पाहिले. मग सोपानचे हात पाहिले. त्यांना जखम नव्हती, पण ते थांबत नव्हते, थरथरत होते. "दोघंबी दोन दिवस खाली जा," ते म्हणाले. "झोपा, जेवा. ही विनंती न्हाई." निघताना रंगूबाईने एवढंच विचारलं, "परत येशीला न्हवं?" आणि दोघेही एकदम "येतो" म्हणाले होते.

सोपानचं उंब्रजला आजोळ. मामा हिंदुराव पल्टनीतून हवालदार होऊन आलेले, रानात ऊस, थोरला मुलगा सरहद्दीवर. शिबिराचा ट्रक ज्या वाटेने खाली आला त्या वाटेवरच मळा होता. विसाव्याला याहून चांगली जागा कोणती? सोपानला असं वाटलं होतं. ढिगाऱ्यात कुणी कुणाचं आडनाव विचारलं नव्हतं. विसाव्याच्या जागी ते विचारलं जाईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घर होतं, पण घरात कुणी नव्हतं. मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती, आणि भूकंपाच्या पहाटेपासून मुक्ताबाईंनी कुणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. अंगणात उसाच्या पाचटाचं खोपट घातलं होतं. तिथेच चूल, तिथेच अंथरुणं. कवाड नुसतं लोटलेलं घर पाठीशी उभं होतं, आणि सगळे त्याच्याकडे पाठ करूनही त्याच्यावर नजर ठेवून असल्यासारखे वागत होते.

दिवेलागणीला पानं वाढली. आमटी, भाकरी, वर ताज्या गुळाचा खडा.

"रेस्ट म्हंजे काय समजलास, भाचेबुवा?" हिंदुराव भाकरी मोडत म्हणाले. "पल्टनीत रेस्टची सुदिक शिट्टी असती. शिट्टी झाली की झोपायचं. डोळं झाकलं न्हाई तर फालतू परेड!"

"आवं, लेकरांना गिळू द्या की," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी नाथाजीच्या भाकरीचा तुकडा स्वतः मोडला, आमटीत कुस्करून दिला. त्याच्या बोटांना हळदीच्या चिंध्या होत्या. "आन् काय वो शिंदे, कुपवाडला आमच्या हरणाबाईची नणंद दिलीया. शिंद्यातच. बाळासो म्हणत्यात त्यास्नी. वळखत असाल की."

नाथाजी ताटाकडे पाहत राहिला.

"मामी, कुपवाड काय एवढंसं हाय व्हय?" सोपान म्हणाला. "आन् हा घरी असतोय कवा!"

"न्हाई, पर शिंद्याचं म्हटल्यावर भावकी निघंलच. लगीन ठरलंय का तुमचं?"

"शिकतोय अजून," सोपान म्हणाला.

"आरं, ह्यो गडी मुका हाय का?" हिंदुराव हसले. "का ह्येची जीभ बी कोयनेला ऱ्हायली? सारखा तूच बोलतोयस, सोपान्या."

सोपानही हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की एका खोट्याच्या पाठोपाठ आता सोयरिकीची आख्खी वरात दारात येऊन उभी राहते आहे, आणि तिला परत पाठवायला तोंड त्याचंच हवं. तो बोलणार होता. निदान नंतर त्याला तसं वाटत राहिलं. पण तेवढ्यात तांब्यातल्या पाण्यावर बारीक वळी उठली. गोठ्यातली गाय उभी राहिली. जमिनीच्या आतून कुणी जड पेटी सरकवावी तसा आवाज आला, आणि मुक्ताबाईंनी जवळ जो होता त्याचा, म्हणजे नाथाजीचा, दंड घट्ट धरला.

धक्का छोटा होता. पाणी निवळलं, गाय बसली. मुक्ताबाईंनी मात्र दंड सोडला नाही. "भ्याऊ नगासा," त्या म्हणत होत्या; कुणाला ते कळत नव्हतं. आपल्या दंडावरच्या त्या हाताकडे नाथाजी पाहत होता. दुसऱ्याच्या पत्त्यावरची वस्तू चुकून आपल्या दारी आली म्हणजे माणूस जसा तिला उघडत नाही आणि टाकूनही देत नाही, तसं ते पाहणं होतं.

सकाळी सोपान विहिरीवर गेला तेव्हा नाथाजी मोटेच्या थारोळ्याच्या दगडावर बसला होता. ऊन अजून कोवळं होतं. समोर उसाचे तुरे पांढुरके, स्तब्ध.

"हात कसा हाय?"

"कुणाचा? शिंद्याचा का माझा?"

सोपान शेजारी बसला. "रागवू नकोस, गड्या. मामी औषध लावत होती. मला वाटलं, तेवढं तरी व्हावं. दोन दिवसांची तर गोष्ट."

"मी इतकं दिवस भाइर उभा राहून बोललो," नाथाजी म्हणाला. आवाज शांत होता, आणि म्हणूनच सोपानला त्याची भीती वाटली. "आत तुला जे ऐकू आलं, ते कुणाचं होतं रं? शिंद्याचं?"

"असं काय बोलतोस!"

"छप्पन साली आमच्या बापानं देव्हारा उचलला. टाक, घंटी, सगळं गाडग्यात घातलं आन् कृष्णेत सोडलं. आई रडत होती. बाप म्हणाला, आजपातूर नाव सांगताना मान खाली जायची, आता जाणार न्हाई. देव सोडले, पर नाव तेच ठेवलं, का तर त्याचीच लाज काढून टाकायची होती. आन् तू काल माझ्या तोंडातनं ते उचललंस, आन् दुसरं ठेवलंस. माझ्यासमोर. मला न विचारता."

"मग तूच सांग की त्यांना. सांग आत्ता."

"मी सांगणार होतो. तू सांगू दिलं न्हाईस. आता मी सांगितलं तर मी चोरून जेवलो असं हुईल. शिंदे तू आणलास, तूच त्याला घेऊन जा. ट्रक यायच्या आत."

सोपानने पायाशी पडलेल्या नाड्याच्या वेटोळ्याकडे पाहिलं. पिळात एके जागी तांबूस डाग वाळला होता. "आणि नाही जमलं मला तर?"

"दोर धरीन. रंगूबाईला शब्द दिलाय." नाथाजी उठला. "पर बोलू कुणाच्या तोंडानं, ते तूच सांग."

ट्रक दुपारी यायचा होता. सोपान मामीच्या मागेमागे फिरला. ती भाकरी थापत होती. शिबिरासाठी चांगली चळतभर. तो चुलीपुढे बसला, जाळ सारखा केला. "मामी," तो म्हणाला. "काय रं?" तिने वळून पाहिलं. कपाळावर घाम, गालाला पीठ. लहानपणी ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा तो चेहरा. या चेहऱ्यावरून काहीतरी उतरताना त्याला पाहायचं नव्हतं. त्याचं भय नाथाजीसाठी नव्हतंच, मामीला वेगळी झालेली पाहावं लागेल याचं होतं, हे त्याला तिथे, त्या जाळासमोर उमगलं. "काय न्हाई," तो म्हणाला. "मीठ हाय का इचारत होतो."

भाकरी झाल्या. मुक्ताबाईंनी हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि त्या नाथाजीसमोर येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी मागायचं असलं म्हणजे बायका उभ्या राहतात तशा.

"शिंदे, एक काम होतं. नाय म्हणू नगा."

नाथाजीने मान वर केली.

"आमचं देव आत हायती. त्या पहाटंधरनं पाण्याचा थेंब न्हाई त्यास्नी. सासूबाईंनी माझ्या वटीत घातल्यालं टाक हायती, तवापासनं एक दिस उपाशी ठिवलं न्हवतं. ह्येंच्या गुडघ्यात दम न्हाई, आत काय झालं तर पळायचं कसं? तुमाला सवय हाय. भिंती कशा बोलत्यात ते तुमाला कळतंय."

"मी आणतो की, मामी," सोपान पुढे झाला.

"तू न्हवं." मुक्ताबाईंनी हात आडवा धरला. "तू मयतास्नी हात लावलाईस. चांगलं केलंस, पुण्य हाय ते. पर मयताला हात लावलेल्यानं तेरावा झाल्याबिगर देवाला शिवायचं न्हाई, आमच्या सासूबाईंचा नेम होता. ह्यांनी नुस्ता दोर धरला. ह्यांचं हात सोवळं हायती."

गुऱ्हाळावरचं इंजिन फटफटत होतं. नाथाजीने आपले हळदीने माखलेले हात पाहिले. मग तो सोपानकडे पाहू लागला. त्या पाहण्यात राग नव्हता. वाट पाहणं होतं, सरळ आणि उघडं. दोराला ताण देऊन पलीकडच्याच्या झटक्याची वाट पाहावी तसं. एक वाक्य पुरेसं होतं. सोपानच्या जिभेवर ते वाक्य आलं, तिथे त्याची माती झाली.

"मीच जातो," तो म्हणाला. "आंघोळ केलीया मी. तुमच्या हातानं कडुलिंबाचं पाणी घातलंय तुमी, अजून कसला विटाळ? अन् ह्याच्या हाताला चिंध्या बांधल्याती, टाक सांडलं म्हंजे?"

"आरं, पर नेम..."

"जाऊ दे त्याला," हिंदुराव म्हणाले. "देवास्नी तहान लागलीया का नेम?"

सोपानने नाडा कमरेला बांधायला घेतला. गाठ नाथाजीने मारली, नेहमीसारखी, दोनदा ओढून पाहिली. बोलला काहीच नाही. कवाड कुरकुरत उघडलं आणि सोपान आत गेला.

आठवडाभर बंद असलेल्या घराला तेलाचा, गोणपाटाचा, उंदरांचा वास येत होता. सोपा ओलांडून तो माजघरात आला. इथे काळोख होता, फक्त भेगेतून उन्हाची एक उभी रेघ जमिनीवर पडली होती, आणि तिच्यात धूळ तरंगत होती. ती धूळ थांबून थांबून खाली येत होती. म्हणजे वर काहीतरी सुटत होतं. या घरात तो रांगला होता, आट्यापाट्या खेळला होता. आता प्रत्येक खांब त्याच्याकडे अनोळखी माणसासारखा पाहत होता.

त्याने कान दिला. आता सुरू होईल. आता सांगली सुटेल.

बाहेर शांतता होती.

देव्हारा कोपऱ्यात. तो गुडघ्यांवर बसला. टाकांवरची फुलं वाळून कागदासारखी झाली होती. पहिला टाक उचलला तेव्हा माथ्यावरच्या तुळईने अगदी हळू, झोपेत कूस बदलावी तसा आवाज केला आणि मानेवर माती पडली. सोपानचे हात थांबले. श्वासाची तीच ती गाठ छातीत येऊन बसली.

"नाथा!" त्याने हाक मारली.

उत्तर आलं नाही. त्याने दोराला झटका दिला. पलीकडून तत्काळ झटका आला. दोर ताठ होता, इमानी होता, सोललेल्या हातांत घट्ट होता. पण तो मुका होता. सोपानने स्वतःच मनात म्हणायचा प्रयत्न केला, सांगली, आष्टा, इस्लामपूर. इस्लामपूरच्या पुढे त्याला काही आठवेना. या वाटेने तो शंभरदा गेला असेल, आणि इस्लामपूरनंतर फक्त काळोख होता. उद्या रंगूबाईच्या घरात असंच असेल. कमरेला दोर असेल, पलीकडे हात असतील, आणि माणूस नसेल.

टाक त्याने टॉवेलात कसे गोळा केले, तो बाहेर कसा आला, ते त्याचं त्याला कळलं नाही. उंबऱ्याबाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. मुक्ताबाईंनी पदर पसरला. टाक पदरात पडताच त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आलं गं माजं देव," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसत, घाईने, "शिंदे, तांब्या भरल्याला हाय त्यो घ्या. ह्येचं हात नगंत. तुमी वता पाणी देवावर, मी धरते."

नाथाजी जागचा हलला नाही. हातातला नाडा त्याने अजून सोडला नव्हता. त्याचं दुसरं टोक सोपानच्या कमरेलाच होतं.

"मामी, हा शिंदे न्हाई," सोपान म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "कांबळे हाय. कुपवाडच्या बौद्धवाड्यातला. मी खोटं बोललो."

हिंदुरावांची विडी ओठांपाशी थांबली. मुक्ताबाई पदर पसरून तशाच उभ्या राहिल्या. पदरात चांदीचे देव चमकत होते. त्यांची नजर नाथाजीच्या हातांवर गेली, त्या चिंध्यांवर, पिवळ्या डागांवर, आणि तिथून स्वतःच्या अंगठ्यावर; नखात हळद अजून होती.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "तुजं नाव काय?"

नाथाजीने श्वास घेतला. "नाथाजी भिवा कांबळे."

"मग काल का न्हाई सांगितलंस?" हा प्रश्न सोपानला होता.

"तुमी हात सोडला असता, मामी."

"सोडला असता?" मुक्ताबाईंनी ते शब्द स्वतःशीच म्हटले, दाताखाली खडा आला आहे का ते पाहावं तसे. "सोडला असता का धरला असता, ते आता मला तरी कवा कळायचं, मुडद्या?"

"आमच्या पल्टनीत तर..." हिंदुरावांनी सुरुवात केली, आणि बायकोचा चेहरा पाहून विडी विझवली.

रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. मुक्ताबाई खोपटात गेल्या. भाकरीचं गाठोडं घेऊन त्या परत आल्या तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता. देव कुठे ठेवले ते दिसलं नाही. काल त्यांनी सगळं हातात दिलं होतं, हात धरून दिलं होतं. आज त्यांनी गाठोडं पायरीवर ठेवलं. त्यावर हळदीची डबी ठेवली. नाथाजीचे हात दुखरे म्हणून की आणखी कशासाठी, हे त्यांच्या तोंडावरून कळण्याजोगं नव्हतं. "रातच्याला लावा," त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. चूल विझलेली होती. तरी त्या फुंकत राहिल्या.

सोपानने गाठोडं उचललं, डबी खिशात टाकली. दोघे बांधावरून रस्त्याकडे निघाले, दोघांच्या मध्ये नाडा. वडाच्या झाडापाशी सोपान थांबला आणि कमरेची गाठ सोडू लागला. ती सुटेना. नाथाजीने जवळ येऊन सोडवली.

"सांगितलं मी," सोपान म्हणाला.

"ऐकलं."

"मग?"

"आतनं हाक मारलीस तू मला."

"मारली."

"तवा ठरलं न्हवं तुजं, सांगायचं?" नाथाजी म्हणाला. "अंधारात."

नाही म्हणावं असं सोपानला फार वाटलं. सांगितलं ते मामीसाठी, नेमासाठी, खऱ्यासाठी, कशासाठी तरी; अंधारात आवाज हवा म्हणून नव्हे. पण मानेवर अजून ती माती होती, घामाने ओली, खाजरी, आणि तिच्यापुढे खोटं टिकत नव्हतं.

ट्रकमधून कुणीतरी ओरडलं, "चला रं, उजेडात घाट चढायचाय!" मागच्या फळीवर चुन्याची पोती होती, कांबळी होती, सांगलीची नवी पोरं दाटीवाटीने बसून गाणी म्हणत होती. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

"नाथा," सोपान म्हणाला, "उद्या मी आत गेलो की बोलशील ना?"

नाथाजीने नाडा कोपर आणि अंगठा यांच्यावरून गुंडाळायला घेतला. पीळ तळव्यावरून जाताना चिंधीला नवा लाल डाग उमटला, पण हात थांबला नाही. वेटोळं पुरं झालं, तसं त्याने ते खांद्यावर टाकलं, आणि तो ट्रककडे चालू लागला.